निळ्या शाईतले मूर्ख

भाऊ मुळ्ये कोर्टातून निवृत्त झाले तेव्हा निरोपसमारंभात जो उठला त्याने त्यांच्या इंग्रजीची तारीफ केली. त्यामुळे भाऊंची मान जी ताठ झाली ती पुढे बरेच दिवस खाली येईना. खरं नाव श्याम. पण श्याम म्हणणारी वडीलधारी माणसं एकेक करून गेली आणि उरलेल्या रत्नागिरीला ते भाऊच होते. जिल्हा न्यायालयात बेंच क्लार्क. म्हणजे साहेबांच्या खाली, वकिलांच्या समोर बसायचं, साक्षीदाराला शपथ द्यायची, कागद पुढे सरकवायचे आणि दोन्ही बाजूंचं इंग्रजी मुकाट्याने ऐकून घ्यायचं. नोकरीभर असं ऐकून घेतलेल्या माणसाला पुढे बोलायची फार हौस असते. भाऊंची पंचाईत एवढीच झाली, की ऐकायला घरात कोणी नव्हतं. बायको कमला निवृत्तीच्या आदल्या वर्षीच गेली. मुलगा उन्मेष मुंबईला. तो रविवारी फोन करायचा आणि बापलेक एकमेकांना आपापल्या गावचं हवामान सांगून फोन ठेवायचे.

तर अशा या माणसाचा जीव अडकला होता तो इंग्रजी शब्दकोड्यात.

हे कोडं म्हणजे आपल्या मराठी पेपरात येतं तसं सरळमार्गी नव्हे. ‘एक फळ, तीन अक्षरं’ असं विचारून ते मोकळं होत नाही. ते आधी तुम्हाला गंडवतं. समजा, त्यात विचारलंय, ‘ब्रिटिश फौज वेडी आहे, पाच अक्षरं.’ आता तुम्ही प्लासी आणि खडकीची लढाई आठवत बसलात की बसलात. ब्रिटिशमधलं पहिलं अक्षर बी घ्यायचं, फौज म्हणजे आर्मी, ती त्याच्यामागे उभी करायची. झालं बार्मी. आणि बार्मी म्हणजे डोक्याने सरकलेला. बोलायचं एक, सांगायचं दुसरं, आणि उत्तर मात्र समोरच मांडून ठेवायचं. भाऊंना यात कोर्टाचाच वास यायचा. साक्षीदार काय बोलतो याकडे लक्ष द्यायचं नाही, काय म्हणून गेला ते पकडायचं.

मांडवीतल्या घरी इंग्रजी पेपर घेणं भाऊंना पटत नसे. एकट्याला एवढा पेपर काय करायचाय, असं ते म्हणत. खरं कारण निराळं होतं. घरी कोडं सुटलं तर ते सुटल्याचं कळणार कोणाला? म्हणून ते वाचनालयात जात. रेल्वे आल्यापासून मुंबईचा पेपर त्याच दिवशी दुपारी येऊन पडायला लागला होता. विठू शिपाई तो लाकडी दांडीत अडकवून टेबलावर ठेवायचा. चारच्या ठोक्याला भाऊ हजर. चारच्याच, कारण तीन ते चार हा वाचनखोलीत बायकांचा राखीव तास. वाचनालय काढणाऱ्या कोणा भल्या माणसाने तो नियम घातला होता, आणि त्या तासात पुरुषाने उंबरठा ओलांडायचा नाही, मग तो अध्यक्ष का असेना.

भाऊ पेपरावर पेन टेकवत नसत. सार्वजनिक वस्तू ती. ते घरून पाठकोरा कागद आणत, त्यावर पट्टीने चौकटी आखत आणि सगळं कोडं उतरवून घेऊन मग सोडवत. इथवर सगळं वाखाणण्यासारखंच होतं. पण सोडवून झालं की तो कागद ते सूचनाफलकावर टाचणीने लावत आणि खाली सही करत: श्या. ग. मुळ्ये, निवृत्त, जिल्हा न्यायालय. सही कागदाच्या मानाने जरा मोठीच असे. फलकावरचा तो कागद कोणी वाचत असेल असं विठूला कधी वाटलं नाही. भाऊंना मात्र वाटायचं की गाव वाचतं.

एकदा घोडं अडलं. प्रश्न होता, ‘मूर्खाचं सोपं शतक, नऊ अक्षरं.’ शंभराला रोमन आकड्यात सी. भाऊंनी सी कुठे कुठे घालून पाहिला. जमेना. बाकीचं सगळं कोडं सुटलं आणि मधोमध ही नऊ घरं पडक्या दातासारखी रिकामी राहिली. सात वाजत आले, विठू खिडक्या लावायला लागला. आता दुसरा कोणी असता तर ‘नाही आलं बुवा’ म्हणून घरी गेला असता. भाऊंनी कागद फलकावर लावला आणि तळाला टीप लिहिली: ‘सदर प्रश्न सदोष असल्याने सोडवण्यात आलेला नाही.’ आणि खाली नेहमीची सही.

दुसऱ्या दिवशी चारला त्यांनी पेपर उघडला. कोड्यात कोणीतरी निळ्या शाईने लिहिलं होतं. सार्वजनिक पेपरात, थेट पेनाने! सगळं कोडं भरलेलं नव्हतं. फक्त एक आडवी ओळ, नऊ घरांची, आणि तिथे जे उत्तर यायला हवं त्याच्याशी काही देणंघेणं नसलेला शब्द: सिंपल्टन. शेजारी समासात बारीक, ठसठशीत इंग्रजीत, ‘कालच्या कागदाखाली ज्याची सही आहे तो, नऊ अक्षरं.’

सिंपल म्हणजे सोपं. टन म्हणजे, क्रिकेटवाल्यांच्या बोलीत, शतक. सिंपल्टन म्हणजे भोळसट, बावळट, ज्याला आपण ठोंब्या म्हणतो तो. भाऊंना क्रिकेटचा मनस्वी तिटकारा. मॅच असली की कोर्टातला निम्मा स्टाफ रेडिओला कान लावून बसायचा आणि कागद भाऊंच्या गळ्यात यायचे. त्या तिटकाऱ्यापायी एवढं सोपं उत्तर हुकलं होतं, आणि प्रश्नच सदोष असल्याची टीप फलकावर उभ्या गावाला दिसत होती. त्यांनी आधी कागद उतरवला. मग तिथेच बसून वाचनालयाच्या चिटणीसांच्या नावे तक्रार लिहिली. ‘अज्ञात इसमाने दुष्ट हेतूने’ इथून सुरुवात होती आणि ‘कडक शासन व्हावे’ इथे शेवट.

अज्ञात इसम कोण असावा याचा भाऊंनी रीतसर तपास केला. एक वकील होते, ज्यांचं इंग्रजी भाऊंनी एकदा चारचौघांत दुरुस्त केलं होतं. कॉलेजातले एक प्राध्यापक होते, पण त्यांचं अक्षर कोंबडीच्या पायाचं. शेवटी भाऊंनी मनाशी ठरवलं की हा कोणी लष्करातला निवृत्त माणूस असणार. एवढं नेमकं, कमी शब्दांत आणि वर्मी लागेल असं दुसरं कोण लिहिणार?

शाई थांबली नाही. दोन दिवसांनी निटविट. समासात खूण: ‘उवेच्या अंड्यामागे अक्कल.’ निट म्हणजे लीख, विट म्हणजे बुद्धी. लिखेएवढी अक्कल असलेला तो निटविट. मग एकदा डाफ्ट: ‘डी जाऊन बसला जहाजाच्या मागल्या अंगाला.’ आफ्ट म्हणजे जहाजाची मागची बाजू. डाफ्ट म्हणजे खुळा. भाऊ लालबुंद होत आणि तरी पहिल्यांदा समासच वाचत. हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं की या खुणा कुठून उतरवलेल्या नाहीत. हा माणूस त्या स्वतः रचतो. कोडं सोडवणं भाऊंना येत होतं, रचणं त्यांनी जन्मात केलं नव्हतं.

आणि मग एके दिवशी आलं असिनाइन. समासात फक्त इतकंच होतं: ‘अ सिन इन ईस्ट, सात अक्षरं.’ पूर्वेकडचं एक पाप. भाऊंनी ते पाठकोऱ्या कागदावर मांडलं. ए. मग सिन, म्हणजे पाप. मग इन. मग ईस्टमधलं पहिलं ई. एकापुढे एक ठेवलं की झालं असिनाइन, म्हणजे शुद्ध गाढवपणा. काही मोडायचं नाही, उलटं करायचं नाही, जे लिहिलंय ते नुसतं वाचायचं. भाऊ हसले. ‘शांतता राखा’ या पाटीच्या बरोबर खाली बसून मोठ्याने हसले. विठू दारातून डोकावून गेला.

घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, की एकट्याने असं हसून फार दिवस झाले. कमला होती तोवर दिवसातून एकदा तरी ती म्हणायची, ‘काय खुळ्यासारखं करताय!’ चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधताना म्हणायची, पावसात छत्री बगलेत धरून भिजत आले तरी म्हणायची. इंग्रजीत काय आणि मराठीत काय, मूर्खाला शब्द ढीगभर आहेत. वेडपट, खुळचट, बावळट, चक्रम, अर्धवट. त्यातले बरेचसे माणूस आपल्याच माणसाला म्हणतो. ती गेल्यापासून भाऊंना सगळं जग मुळ्येसाहेब म्हणत होतं. खुळा म्हणालेलं हे पहिलंच माणूस, आणि ते कोण हेसुद्धा माहीत नाही. भाऊंना त्या रात्री जेवण गोड लागलं.

उत्तर देणं भाग होतं. भाऊंनी दोन दिवस घालवून एक खूण रचली आणि ती फलकावर लावली: ‘नवी खानावळ बॉम्बेच्या शेवटाला, पाच अक्षरं.’ न्यू मधलं एन, खानावळ म्हणजे इन, आणि बॉम्बेचं इंग्रजीतलं शेवटचं अक्षर वाय. निनी. मूर्खच, पण जरा लाडातला. खाली या वेळी निवृत्त वगैरे काही नव्हतं. नुसतं ‘मु.’

दुसऱ्या दिवशी पेपराच्या समासात निळ्या शाईत ‘निनी’ लिहिलेलं होतं, आणि पुढे मराठीत दोनच शब्द, ‘बरं आहे.’ नोकरीत भाऊंना दोनदा बढती मिळाली होती. ती मिळाली तेव्हा ते इतके खूश झाल्याचं कोणी पाहिलं नव्हतं.

असा तो पावसाळा गेला, दिवाळी गेली. फलकावर भाऊंचा कागद, समासात निळी शाई. कधी दोन-तीन दिवस शाई दिसली नाही की भाऊ विठूला उगाच विचारायचे, ‘गावात ताप-बीप काही आहे का रे?’ उन्मेषचा फोन आला तर आता हवामानाऐवजी कोड्याचं सांगायचे. उन्मेषला त्यातलं ओ की ठो कळत नसे, पण बापाचा आवाज बदललाय एवढं त्याला कळत होतं.

या सगळ्यात भाऊ एक गोष्ट साफ विसरले. आपण तक्रार केली आहे ती. आता कोर्टात हाडं झिजवलेल्या माणसाने हे विसरावं याला काय म्हणायचं? अर्ज करणारा विसरला म्हणून अर्ज थोडाच विसरतो. तो आपल्या गतीने या टेबलावरून त्या टेबलावर जात होता. चिटणीसांनी विठूला पाळत ठेवायला सांगितली होती. विठूने पेपर तीनला कोरा ठेवला आणि चारला पाहिला. पुन्हा पाहिला. आणि जे दिसलं ते सांगून टाकलं.

एके दिवशी भाऊ फलकावर कागद लावायला गेले तर तिथे वार्षिक सभेची सूचना होती. विषय चौथा: ‘वृत्तपत्रांची नासधूस होत असल्याने महिलांसाठीचा राखीव तास बंद करणेबाबत.’

भाऊंनी ते दोनदा वाचलं. ‘विठू,’ ते म्हणाले, ‘बायकांचा याच्याशी काय संबंध?’

‘भाऊ, शाई पडते ती तीन ते चारातच,’ विठू म्हणाला. ‘बायकांतलीच कोनतरी हाय. कोन ती मी बघितली न्हाय. आत कसा जानार मी?’

भाऊ मटकन बाकावर बसले. इतके महिने त्यांनी निळ्या शाईला मिशा लावल्या होत्या, छाती रुंद केली होती, सीमेवर पाठवली होती. बाई असेल हे त्यांच्या मनाला शिवलं नव्हतं. बायका तीन ते चारात पाककृती वाचतात आणि पंख्याखाली बसतात, असा त्यांचा आपला पक्का समज. आणि आता त्यांच्याच तक्रारीवरून सगळ्याच बायकांना दार बंद होणार होतं. इतरांचं वाईट वाटायला त्यांना थोडा वेळ लागला, हे खरं ते सांगितलं पाहिजे. पहिल्यांदा त्यांना एवढंच दिसलं, की तो तास गेला की ती बाई गेली, आणि तिचं नावही आपल्याला ठाऊक नाही. पुन्हा रविवारचं हवामान.

ते तडक अध्यक्षांकडे गेले. आप्पा खेर कलमांच्या बागा असलेले, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरे.

‘तक्रार मागे घेतो म्हणता? अहो मुळ्ये, तक्रार सभेपुढे गेली. आता ती तुमची राहिली नाही.’

‘पण आप्पा, एका बाईपायी सगळ्यांना शिक्षा कशाला?’

‘कोण कुठल्या येतात हो? चार बायका. त्यातल्या दोघी सावलीला. ती खोली मला स्पर्धा परीक्षेच्या मुलांना हवीच आहे,’ आप्पा म्हणाले. ‘आता गुन्हेगार आपणहून उभा राहिला, तर गोष्ट वेगळी. मग त्याच्यापुरती शिक्षा. पण उभा कोण राहतोय!’

सभेच्या दिवशी वाचनखोली भरली होती. डाव्या भिंतीशी बायकांच्या खुर्च्या. भाऊ इस्त्रीचा सदरा घालून पुढच्या रांगेत बसले होते. बायकांकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. विषय पहिला, दुसरा, तिसरा हात वर करून उरकले. चौथा वाचला गेला आणि भाऊ उभे राहिले. आयुष्यभर लोकांना खरं बोलायची शपथ दिलेला माणूस, पण स्वतः साक्षीला कधी उभा राहिला नव्हता.

‘ती शाई माझी आहे,’ ते म्हणाले. ‘पेपरात मी लिहीत होतो.’

खोलीत कुजबुज झाली. आप्पांनी चष्मा काढला. ‘पण मुळ्ये, तक्रार तुमचीच आहे.’

‘हो. तक्रारही माझीच.’

‘म्हणजे तुम्ही स्वतःलाच बावळट म्हणून लिहिलंत आणि स्वतःविरुद्धच तक्रार केलीत?’

‘वयोमानाने होतं असं,’ भाऊ म्हणाले. मागून कोणीतरी खुदकन हसलं.

‘बरं, ते असू दे. शाई पडते ती तीन ते चारमध्ये. त्या वेळी इथे पुरुषाला मज्जाव. मग तुम्ही आत आलात कसे?’

भाऊंनी बोलायचं सगळं घरी घोकलं होतं. हा प्रश्न त्यात नव्हता. एखाद्या कच्च्या साक्षीदारासारखं त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ‘खिडकीतून,’ ते म्हणाले.

‘खिडकीला गज आहेत, भाऊ,’ विठू दारातून न राहवून म्हणाला, आणि सगळी सभा फिसकन हसली.

‘खोटं बोलतायत ते.’

आवाज डावीकडून आला. भाऊंच्या मागे कोणीतरी खुर्ची सरकवून उभं राहिलं होतं. ‘त्यांना ते लिहायला सुचलंच नसतं. सिंपल्टन त्यांना आलंच नव्हतं, प्रश्न सदोष म्हणून कागद लावला होता इथे. मी लिहीत होत्ये. माझं नाव सावित्री शेवडे.’

भाऊ वळले. पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, जाड काचांचा चष्मा, हातात कापडी पिशवी. चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. पण आवाज! तो आवाज त्यांनी वर्षानुवर्षं ऐकला होता. कोर्टातून हायकोर्टाला ट्रंक कॉल लावायचा म्हणजे आधी टेलिफोनच्या ऑफिसातला तो आवाज यायचा: ‘मुळ्ये, मुंबई लागत नाहीये. ठेवू नका, मी बघत्ये.’ आणि मुंबई लागेपर्यंत भाऊ रिसीव्हर कानाला लावून बसायचे.

‘मी टेलिफोनमध्ये ऑपरेटर होत्ये,’ सावित्रीबाई आप्पांना सांगत होत्या. ‘पेपर खराब केला ही माझी चूक. मला शिक्षा करा. पण त्या तासाला हात लावू नका. माझ्या भावाचं घर लहान, माणसं फार. मला दिवसातून एकदा गप्प बसून काही वाचायला ही एकच जागा आहे. सावलीला येणाऱ्या दोघींनाही घरी सावली मिळत नसेल म्हणूनच त्या येतात ना?’

यावर बायकांच्या खुर्च्यांतून ‘बरोबर आहे’ असं दोन-तीन तोंडांनी एकदम म्हटलं गेलं. आप्पांना नाराजी नको होती, त्यांच्याही घरातली एक बाई तिथे बसली होती. त्यांनी निकाल दिला. महिलांचा तास चालू राहील. शेवडेबाईंना पेपर खराब केल्याबद्दल आणि मुळ्यांना सभेत खोटं बोलल्याबद्दल, दोघांनाही पुढले तीन महिने वाचनालयात बंदी.

सभा सुटली. बाहेर पायरीवर भाऊ चप्पल शोधायच्या निमित्ताने रेंगाळले. सावित्रीबाई आल्या आणि समोर उभ्या राहिल्या.

‘खिडकीतून?’ त्या म्हणाल्या.

‘दुसरं सुचलं नाही.’

‘का बोललात पण? मी कोण हे ठाऊकही नव्हतं तुम्हाला.’

भाऊंनी एक चप्पल घातली, दुसरी हातातच राहिली. ‘नव्हतं,’ ते म्हणाले. ‘पण तास बंद झाला असता तर तुम्ही दिसेनाशा झाला असतात. आणि मग मला खुळा म्हणणारं कोणी राहिलं नसतं.’ बोलून गेल्यावर त्यांना इतकं ओशाळल्यासारखं झालं, की ते दुसरी चप्पल उलटीच घालायला लागले.

सावित्रीबाईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. मग त्यांनी सांगितलं, की रात्रपाळीला लाइन रिकाम्या असल्या की मुंबईच्या एक्स्चेंजमधली एक मुलगी त्यांना सकाळच्या पेपरातलं कोडं वाचून दाखवायची. दोघी मिळून सोडवायच्या. मग डायल फिरवला की थेट मुंबई लागायला लागली, ऑपरेटर लागेनासे झाले, आणि ती मुलगीही कुठे गेली कळलं नाही. ‘तुमचा तो कागद फलकावर बघितला नि मला फार राग आला,’ त्या म्हणाल्या. ‘म्हटलं, फोनवरचे मुळ्ये एवढी मोठी सही करायला लागले! आणि दुसऱ्या दिवशी वाटलं, बोलायला कोणीतरी आहे.’ मग त्या एकदम ऑपरेटरच्या आवाजात म्हणाल्या, ‘उद्या पेपर घ्या आणि माझ्याकडे या. ऋजुता, आमच्या भावाची सून, घरात असते. चहा करील. पेन मात्र मी धरणार.’

भाऊंनी दुसऱ्या दिवसापासून पेपर विकत घ्यायला सुरुवात केली. दुपारी शेवड्यांच्या ओसरीवर दोन खुर्च्या आणि मध्ये एक स्टूल. पहिल्या आठवड्यात शेजारपाजारच्या माना वळल्या, दुसऱ्या आठवड्यात वळायच्या थांबल्या. दोन म्हातारी माणसं एका कागदावर डोकं घालून भांडतात, यात बघण्यासारखं तरी काय होतं? भांडण मात्र रोज व्हायचं. भाऊंना क्रिकेट शिकावं लागलं, कारण त्यावाचून निम्मी कोडी अडतात असं सावित्रीबाईंचं म्हणणं. सावित्रीबाईंना कोर्टातले लॅटिन शब्द शिकावे लागले. एखादं सोपं उत्तर हुकलं की त्या भाऊंना नवीन शब्द हासडायच्या. एकदा नूडल म्हणाल्या, इंग्रजीत तोही मूर्खच. भाऊंना वाटलं खायला देतायत. ऋजुता आत पदर तोंडात कोंबून हसत होती. उन्मेष गणपतीला आला तेव्हा त्याने हे सगळं ओसरीच्या पायरीवर बसून पाहिलं, आणि जाताना सावित्रीबाईंना वाकून नमस्कार करून गेला.

गणपती येऊन गेले म्हणजे तीन महिने कधीच उलटून गेले होते. ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं असूनही कोणी बोललं नव्हतं. भाऊंना मात्र अधूनमधून आठवायचं. बंदी संपल्याचा विषय निघाला की सावित्रीबाई पुन्हा आपल्या वाचनखोलीत जाणार. त्यांना ती शांत जागा किती हवी आहे, हे त्यांनी सभेत सगळ्यांदेखत सांगितलं होतं. तो तास टिकावा म्हणून तर भाऊ खोटं बोलले होते. आता नका जाऊ असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

आणि एका दुपारी विठू आला. सायकल कुंपणाला टेकवून ओसरीखाली उभा राहिला.

‘आप्पांनी निरोप दिलाय,’ तो म्हणाला. ‘तुमची दोघांची बंदी कवाच उठली. येत का न्हाय म्हनून विचारतायत. पेपर नुसता पडून असतो.’

भाऊंनी मान खाली घातली आणि उगाच कोड्यातल्या एका घरावर बोट ठेवलं. सावित्रीबाईंनी पेनाला टोपण लावलं.

‘वेळा त्याच आहेत का रे?’ त्यांनी विचारलं.

‘त्याच. बायकांची तीन ते चार, नि पुरुषांची चारनंतर.’

‘म्हणजे आम्ही दोघं एकत्र बसायचं नाही.’

‘तसा नियमच हाय ना, बाई.’

सावित्रीबाईंनी ओसरीतून आत पाहिलं. आत कुकरची शिट्टी होत होती, कोणाचं तरी पोर रडत होतं, ऋजुता त्याला दटावत होती. मग त्या विठूकडे वळल्या. ‘आप्पांना सांग, शेवडेबाईंना आता एकटीने कोडं सुटत नाही.’

विठूने भाऊंकडे पाहिलं. ‘नि तुमचं काय सांगू, भाऊ?’

भाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

‘माझंही तेच सांग,’ ते म्हणाले.